चालती गाडीच वहीत

परवा शनिवारी सकाळी इथे इंग्लंडमध्ये रश्डनजवळच्या पेट्रोल पंपावर मी टायरात हवा भरत होते आणि मागून तो आवाज आला. गुडगुड गुडगुड, मध्येच एक ठोका चुकल्यासारखा, परत गुडगुड. माझा दहा वर्षांचा मुलगा मागच्या सीटवर पुस्तक वाचत बसला होता, तो पुस्तक टाकून बाहेरच आला, "आई, व्ही-एट आहे!" म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन. आणि बघते तर काय, १९५७ ची शेव्हर्ले बेल एअर. अंग निळसर हिरवं, टप पांढरा, पुढच्या जाळीला सोनेरी झाक, बॉनेटवर दोन छोटी रॉकेटं आणि मागे ते दोन पंख. पंपावर चार-पाच गाड्या होत्या, सगळ्या करड्या नाहीतर काळ्या, आणि त्यांच्यात ही म्हणजे चाळीच्या ओल्या भिंतीवर कुणीतरी पैठणी वाळत घालावी तशी.

डाव्या दारातून एक आजोबा उतरले, सत्तरी ओलांडलेले. त्यांनी पंपाची नळी हातात घेतली आणि शेजारच्या पंपावरचा माणूस म्हणाला, ह्याच्यात पेट्रोल घालतात कुठून? कारण झाकण कुठे दिसतच नाही. आजोबांनी माझ्या पोराकडे बघितलं आणि म्हणाले, तू शोध. हा गाडीभोवती तीन चकरा मारून आला, नंबरप्लेटच्या मागे वाकून बघितलं, दिव्यांपाशी बघितलं, काही नाही. मग आजोबांनी डाव्या पंखाच्या अगदी मागच्या टोकाला जी क्रोमची उभी पट्टी असते ना, ती बोटाने ओढली आणि ती पट्टी चक्क दारासारखी उघडली! आत पेट्रोलचं झाकण. माझ्या पोराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि खरं सांगते, माझाही. मी वाचलं होतं हे, पण वाचणं वेगळं आणि ती पट्टी डोळ्यांदेखत उघडताना बघणं वेगळं.

मग गप्पा झाल्या, होतातच. त्यांनी प्रीमियम पेट्रोल भरलं, कारण साध्या पेट्रोलमध्ये आता दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते जुन्या रबरी नळ्या खातं. वर खिशातून एक छोटी बाटली काढून थोडं औषध टाकलं, कारण हे इंजिन शिसं घातलेल्या पेट्रोलसाठी बनवलेलं आणि ते पेट्रोल ब्रिटनमध्ये १९९९ संपता संपता बंद झालं. मी रंगाचं कौतुक केलं तर म्हणाले, खालचा रंग ट्रॉपिकल टर्कॉईज आणि वरच्या पांढऱ्याचं कंपनीतलं नाव माहितीये का, इंडिया आयव्हरी. हस्तिदंती म्हणजे तो. डेट्रॉईटमध्ये कुणीतरी रंगांच्या पुस्तकात आपल्या देशाचं नाव लिहून ठेवलंय आणि ते नाव मला नॉर्थहॅम्प्टनशरच्या पेट्रोल पंपावर कळतंय, मला तर अंगावर काटा आला.

ते निघून गेल्यावर पोराने वही काढली. ह्या वहीबद्दल सांगायला हवं. मागच्या वर्षी मार्चमध्ये त्याने एक जाड वही केली, जुन्या अमेरिकन गाड्या दिसल्या की लिहायच्या, तारीख, जागा, मॉडेल, रंग. नियम एकच, आणि तो त्याचा त्यानेच केलाय: वहीच्या पुढच्या बाजूला फक्त चालती गाडी लिहायची. रस्त्यावर स्वतःच्या चाकांवर जाताना दिसली तरच. शोमध्ये उभी, म्युझियममध्ये दोरीच्या पलीकडे, ट्रेलरवर लादलेली, ह्या सगळ्या वहीच्या मागच्या बाजूला. मला आधी वाटलं हा नियम फार कडक आहे, पण आता मी त्याच्या शंभर टक्के बाजूने आहे. ह्या गाड्या रस्त्यावरच बघायच्या असतात. उभी गाडी म्हणजे फोटो. आवाज नाही, वास नाही, वळताना ते सगळं लांबलचक धूड कसं एका बाजूला कलतं ते नाही.

इथे स्पॉटिंगची पद्धत जुनी आहे, रेल्वेचे इंजिन नंबर लिहिणारी पिढीच्या पिढी ह्या देशात झाली, तसंच हे. आणि सोय अशी की सरकारी साईटवर नंबर टाकला की कुठल्याही गाडीची माहिती येते, कंपनी, साल, रंग, इंजिन किती सीसी. बेल एअरची आली ४६३८ सीसी. पोराने लगेच गणित मांडलं, २८३ क्युबिक इंच गुणिले १६.३९, बरोबर! म्हणजे त्या वर्षीचं ते प्रसिद्ध २८३ चं इंजिन. नंबरप्लेटही वाचायला शिकलाय. काळ्यावर चंदेरी अक्षरं असतील तर गाडी १९८० च्या आधीची, नंबरात वर्षाचं अक्षर नसेल तर बहुधा १९६३ च्या आधीची. चाळीस वर्षं उलटलेल्या गाडीला रोड टॅक्स माफ असतो, गाडीत मोठे फेरफार केले नसतील तर दर वर्षीची तपासणीही नाही, लंडनच्या प्रदूषण झोनमध्येही ऐतिहासिक म्हणून सूट. ह्या तीन सवलती नसत्या तर अर्ध्या गाड्या केव्हाच गोदामात गेल्या असत्या असं मला वाटतं.

आम्ही जिथे राहतो तिथे एवढ्या गाड्या दिसतात त्याला कारण आहे. आमच्यापासून काही मैलांवर पॉडिंग्टन नावाचं गाव आहे, बेडफर्डशरच्या हद्दीत, तिथे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाचा तळ होता. ९२ व्या बॉम्बर ग्रुपची बी-१७ विमानं तिथून जर्मनीवर जायची. युद्ध संपलं, विमानं गेली, धावपट्टी राहिली. आणि १९६६ च्या ईस्टरला त्याच धावपट्टीवर सांता पॉड सुरू झालं, पाव मैलाची सरळ पट्टी, ड्रॅग रेसिंगसाठी, म्हणजे दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीसाठी, युरोपातली पहिली कायमची जागा. जिथून अमेरिकन पोरं विमान घेऊन उडाली तिथेच अमेरिकन इंजिनं आजही ओरडतात. रेसच्या दिवशी वारा आमच्या बाजूला असेल तर बागेत कपडे वाळत घालताना ऐकू येतं. आणि त्या दिवशी सकाळी ए-६ वर नाहीतर वेलिंगबरोच्या बाजूने येणाऱ्या रस्त्यावर उभं राहिलं की बस्स, मस्टँग, कमॅरो, जुने शेव्हर्ले पिकअप, एखादी प्लिमथ बाराकुडा, दोन तासांत वहीची दीड पानं.

पूर्वेला सफोकमध्ये मिल्डनहॉल आणि लेकनहीथला अमेरिकन हवाई दल अजून आहे. तिथले सैनिक वर्षानुवर्षं आपल्या गाड्या सोबत आणत आले आणि परत जाताना कित्येकांनी त्या इथेच विकल्या. एखादी गाडी आधी सैनिकाकडे, मग स्थानिक मेकॅनिककडे, मग त्याच्या जावयाकडे, असा प्रवास मी अनेकांच्या तोंडून ऐकलाय.

बऱ्याच लोकांना वाटतं की ह्या गाड्या बघायच्या तर अमेरिकेत जाऊन बघाव्यात. मला अजिबात पटत नाही. तिथे रस्ते तेवढे रुंद, पार्किंग तेवढं मोठं, गाडी तिच्या मापाच्या जगात असते, म्हणून तिचं माप डोळ्यांत भरत नाही. इथे भरतं! इथल्या पार्किंगचा चौकोन साधारण ४.८ मीटर लांब आणि २.४ मीटर रुंद. १९५९ ची कॅडिलॅक जवळजवळ ५.७ मीटर लांब. म्हणजे नाक भिंतीला टेकवलं तरी शेपूट पाऊण-एक मीटर बाहेर, आणि ते शेपूट तरी कसं, त्या वर्षीचे पंख कॅडिलॅकमध्ये सगळ्यात उंच, प्रत्येक पंखाला बंदुकीच्या गोळ्यांसारखे दोन दोन लाल दिवे. गेल्या सप्टेंबरात बाजाराच्या दिवशी एका छोट्या गावात अशी एक गुलाबी कॅडिलॅक मी बघितली, दोन्ही बाजूंना दगडी घरं, मधून बोळच म्हणायचा, आणि ती त्यातून सरकत होती. पुढे एक बाई चालत होत्या, गाडी चालवणाऱ्यांच्या मिसेस असाव्यात, दोन्ही हात पसरून अंतर दाखवत. भाजीच्या स्टॉलवाल्याने आपला बोर्ड उचलून आत घेतला. सगळं गाव थांबलं होतं आणि कुणीही हॉर्न वाजवला नाही, उलट गाडी पार झाली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. इंग्लंडमध्ये अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणतात ना, त्यांना माझं सांगणं आहे, असल्या एका गाडीशेजारी पाच मिनिटं उभं राहून बघा.

आणि बायकोची किंवा सोबत्याची भूमिका इथे फार मोठी असते. स्टेअरिंग डावीकडे आणि गाड्याही रस्त्याच्या डाव्या बाजूने, म्हणजे चालवणारा फुटपाथच्या कडेला, त्याला पुढच्या ट्रकपलीकडचं काही दिसत नाही. उजवीकडे बसलेल्याला दिसतं. त्यामुळे ओव्हरटेक करायचा की नाही हे शेजारी बसलेलं माणूस ठरवतं. पार्किंगचं तिकीटही तेच घेणार, कारण मशीन त्याच बाजूला. एका जोडप्याने मला सांगितलं, आमच्या गाडीत "आता" आणि "नको" हे दोनच शब्द चालतात, तीस वर्षं झाली.

इथले लोक ह्या गाड्यांना प्रेमाने यँक टँक म्हणतात, अमेरिकन रणगाडा. त्या इथे कायमच अप्रूपाच्या राहिल्या ह्याच्यामागे टॅक्सचा मोठा हात आहे आणि ही भानगड मला फार रंजक वाटते म्हणून जरा थांबून सांगते. १९२१ पासून ब्रिटनमध्ये गाडीवर दर हॉर्सपॉवरमागे कर होता, सुरुवातीला एक पौंड. पण ही हॉर्सपॉवर इंजिनाची खरी ताकद मोजून काढलेली नव्हे. सिलिंडरचा व्यास इंचात घ्यायचा, त्याचा वर्ग, गुणिले सिलिंडर किती, भागिले अडीच. झालं. पिस्टन किती लांब धावतो ह्याचा हिशोबच नाही. त्यामुळे ब्रिटिश कंपन्यांनी बारीक आणि उंच सिलिंडरची इंजिनं केली आणि अमेरिकन इंजिनं, जी रुंद सिलिंडरची, त्यांना दणका बसला. फोर्ड मॉडेल टी साधी गाडी, पण ह्या गणितात तिची साडेबावीस हॉर्सपॉवर भरायची. ही पद्धत दुसरं महायुद्ध संपल्यावरही थोडा काळ चालली, ती गेली तोवर देशात डॉलरची चणचण, बाहेरून गाड्या आणायला परवानगीच मिळेना. म्हणजे जेव्हा अमेरिकेत हे पंख आणि क्रोम फुलत होतं तेव्हा इथल्या पोरांनी ते फक्त सिनेमात बघितलं. आज जे सत्तर-ऐंशीचे आजोबा ह्या गाड्या चालवतात ना, ती तीच पोरं. त्यांनी साठ वर्षं वाट बघितलीये, ते पावसाला घाबरून गाडी घरात ठेवणार नाहीत. थंडीत मात्र ठेवतात, कारण रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मीठ पत्र्याला खाऊन टाकतं. म्हणून आमची वही नोव्हेंबर ते मार्च जवळजवळ कोरी.

रेसिंगचंही थोडं सांगायलाच हवं कारण ते आमच्या काउंटीतलं आहे. १९६१ मध्ये डॅन गर्नी हा अमेरिकन ड्रायव्हर सिल्व्हरस्टोनच्या रेसट्रॅकवर शेव्हर्ले इंपाला घेऊन आला आणि जग्वारच्या पुढे पळत होता, तेवढ्यात चाकाने दगा दिला. १९६३ मध्ये तिथेच जॅक सिअर्स यांनी सात लिटरची फोर्ड गॅलक्सी पळवून जग्वारची सद्दी मोडली. गुडवुड रिव्हायव्हलला, म्हणजे जुन्या गाड्यांच्या शर्यतींच्या मेळ्याला, मी गॅलक्सी आणि मिनी एकाच शर्यतीत बघितल्या. सरळ रस्त्यावर गॅलक्सी पुढे, वळण आलं की मिनी तिच्या मागच्या बंपरला चिकटलेली, सरळ आलं की परत गॅलक्सी पुढे, आणि लोक उभे राहून ओरडतायत. तिथली पार्किंगची जागा म्हणजे वेगळंच शेत, अर्धा दिवस मी तिथेच होते.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, कुर्ल्याला प्रीमियरमध्ये होते. प्रीमियर म्हटलं की सगळ्यांना पद्मिनी आठवते, पण त्याच्या खूप आधी तिथे क्रायस्लरशी करार करून डॉज, प्लिमथ आणि डिसोटो जुळवायचे, १९४७ पासून. सुटे भाग पेट्यांतून बोटीने यायचे. आबा दारं बसवायच्या कामावर होते. म्हातारपणी कुणाचीही गाडी दारात आली, रिक्षा सोडून काहीही, की आबा उठून जायचे, दाराच्या कडेवरून तळवा फिरवायचे, मग दोन बोटांनी ते नुसतं सोडायचे आणि कान देऊन ऐकायचे. "दार ढकलायचं नसतं, सोडायचं असतं," असं म्हणायचे, "नीट बसवलेलं असेल तर ते आपलं आपण घरी जातं." २००६ मध्ये ते गेले. आबांच्या वेळची जुनी प्लिमथ मी आयुष्यात कधी बघितली नव्हती.

गेल्या रविवारी इथून तासाभरावर एका गावच्या क्रिकेटच्या मैदानावर छोटासा शो होता, तीसेक गाड्या, चर्चवाल्यांचा चहा आणि केक. पोरगा वहीच्या मागच्या बाजूला लिहीत फिरत होता. त्याने एक १९३० च्या दशकातली क्रायस्लर क्यू शोधून काढली, तिथल्या मालकाने त्याला समजावलं की ही खरी प्लिमथच, लंडनच्या क्यू भागात क्रायस्लरचा कारखाना होता म्हणून इथे तिला ते नाव दिलं, आणि वरच्या त्या टॅक्ससाठी सिलिंडर मुद्दाम बारीक केलेलं इंजिन घातलं, २३.४ च्या ऐवजी १९.८ हॉर्सपॉवर भरावी म्हणून. पोरगा वहीत तिथल्या तिथे गणित करून बघत होता.

आणि तिच्या पलीकडे एका झाडाखाली एक काळी प्लिमथ उभी होती. १९५० ची. पंख नाहीत, दिमाख नाही, गोल गोल शांत गाडी, बॉनेटच्या टोकाला शिडाचं छोटं जहाज. ते मेफ्लॉवर, १६२० मध्ये इंग्लंडच्या प्लिमथ बंदरातून अमेरिकेला गेलेलं. मी आत डोकावले तर स्टेअरिंग उजवीकडे. मी तशीच उभी राहिले. मालकीणबाई साठीच्या होत्या, म्हणाल्या, गाडी दक्षिण आफ्रिकेतून आली, वडिलांनी आणली, आता मी चालवते. मी त्यांना आबांचं सांगितलं. कुर्ला कुठे ते सांगितलं, बोटीतून येणाऱ्या पेट्या सांगितल्या, दारं सांगितली. बोलता बोलता माझा आवाज जरा बसला. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाल्या.

मी कडेवरून तळवा फिरवला. पत्रा जाड, गार, रंगाखाली कुठेतरी अगदी किंचित लाट. मग दोन बोटांनी दार सोडलं. ते हळू आलं, शेवटच्या वीतभर अंतरात जरा वेग घेतला, आणि खट्ट नाही, दण्ण नाही, एकच आवाज झाला, "ठप्". धान्याच्या कोठीचं झाकण बसावं तसा. बाई म्हणाल्या, परत करा ना. मी परत केलं. मग पोराने केलं, त्याने पहिल्यांदा ढकललं, मी म्हटलं ढकलू नकोस, सोड. दुसऱ्यांदा बरोबर आला आवाज.

चार वाजता नवरा म्हणाला निघूया, पाऊस येतोय. पोरगा म्हणाला नाही. प्लिमथ उभी बघितलीये, म्हणजे ती मागच्या पानावर राहणार आणि ती मागच्या पानावर राहायची नाही. मग आम्ही तिघं मैदानाच्या फाटकाबाहेर झुडपांच्या कुंपणाच्या कडेला छत्री घेऊन उभे राहिलो. मस्टँग गेली, एक स्टेशन वॅगन गेली, क्यू गेली, पोरगा सगळ्या लिहीत होता, पानावर थेंब पडत होते. पावणेपाचला प्लिमथ आली. वायपर चालू, इंजिनाचा आवाज व्ही-एटसारखा नाही, सहा सिलिंडरचा, शिलाई मशीन लांबून ऐकू यावं तसा एकसारखा. बाईंनी आम्हाला बघितलं. त्या गाडीचे इंडिकेटर बारीक, दिवसा दिसत नाहीत, म्हणून त्यांनी काच खाली करून उजवा हात पावसात सरळ बाहेर काढला आणि वळल्या.

पोराने लिहिलं: प्लिमथ, १९५०, काळी, स्टेअरिंग उजवीकडे, चालती. मग थोडं थांबून त्याच्यापुढे लिहिलं, दार चांगलं.